मिरची कशी चिरावी

या अंकासाठी कोणत्या विषयावर लिहिणार, असे विद्यार्थी-संपादकांनी आम्हांस विचारले, तेव्हा वरचे तीन शब्द आम्ही त्यांस सांगितले. ते ऐकून मंडळी एकमेकांकडे पाहून हसली. एकाने धीर करून विचारले, "सर, हा लेख माझ्या आईकडून लिहवून आणू का?" त्या हसण्याचा आम्हांस राग आला नाही. काही वर्षांपूर्वी कोणी आमच्यापुढे हा विषय ठेवला असता तर आम्हीही हसलोच असतो. मिरची चिरावयास विद्या ती कसली लागते, अशीच आमचीही समजूत होती. ती समजूत कशी गेली ते प्रथम सांगतो.

एका डिसेंबरात आठवीच्या मुलांस घेऊन आम्ही रामटेकच्या बाजूस खिंडसी तलावाच्या काठी सहलीस गेलो होतो. दुपारचा स्वयंपाक मुलांनीच करावयाचा असा बेत होता. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशी देखरेखीसाठी सोबत आल्या होत्या. पिठले, भात आणि ठेचा एवढेच पदार्थ; परंतु खाणारी तोंडे साठ असल्यामुळे मिरची जवळजवळ किलोभर निघाली. ती चिरण्याचे काम चौघांकडे आले. आम्ही त्यांस सुरी कशी धरावी ते दाखविले, बोटे सांभाळा म्हणून बजावले आणि निश्चिंतपणे झाडाखाली जाऊन बसलो. बोट कोणाचेही कापले नाही. अर्ध्या तासाने मात्र चौघांपैकी जो सर्वांत उत्साही होता, त्याने कपाळावरचा घाम पुसता पुसता डोळ्यास हात लावला आणि मोठ्याने किंकाळी फोडली. आम्ही धावत गेलो व त्यास आधी हात धुवावयास सांगितले. त्याने बादलीतील पाण्याने हात स्वच्छ धुतले, आणि त्याच धुतलेल्या हाताने दुसरा डोळाही चोळला.

मग काय झाले याचे वर्णन न करणेच बरे. मावशी चुलीपासून उठून आल्या. त्यांनी मुलाचे दोन्ही हात धरले, मान एका बाजूस कलती केली आणि तांब्याने स्वच्छ पाण्याची बारीक धार डोळ्यांवर कितीतरी वेळ सोडीत राहिल्या. "चोळू नोको बाबू, नुसती उघडझाप कर," एवढेच त्या त्याला म्हणत होत्या. आम्हांस म्हणाल्या, "हात नुसत्या पान्यानं नाई निघत जी सर. पयले तेल चोळा, मंग साबन लावा." आम्ही तसे केले. अर्ध्या तासाने मूल शांत झाले व पिठले-भातही जेवले. आमचे मन मात्र परतीच्या सबंध वाटेत शांत झाले नाही. मिशनच्या कॉलेजात आम्ही रसायनशास्त्र शिकलो होतो. कोणता पदार्थ कशात विरघळतो व कशात विरघळत नाही, याच्या परीक्षा देऊन उत्तीर्ण झालो होतो. आणि ऐन वेळी मुलाच्या कामास आले ते मावशींचे ज्ञान. घरी गेल्यावर आम्ही पुस्तके उघडली, आणि दुसऱ्या दिवशी पाटावर एक मिरची ठेवून ती सावकाश चिरून पाहिली.

वाचकांनीही हा प्रयोग करावा. एक हिरवी मिरची देठापासून टोकापर्यंत उभी चिरून उघडावी. बाहेर हिरवी भिंत दिसते. आत वरच्या बाजूस, देठाजवळ, पांढरट मऊ गर दिसतो. त्यापासून दोन-तीन पांढऱ्या शिरा भिंतीच्या कडेने खाली उतरतात, आणि बी त्यांस चिकटून बसलेले असते. बीचे पोषण या गरातून होते, म्हणून या लेखापुरते आपण त्यास 'नाळ' म्हणू. आता मिरचीच्या टोकाकडील भिंतीचा अगदी बारीक तुकडा जिभेस लावून पाहावा. तो सौम्य लागतो; कित्येकदा तर काकडीसारखा लागतो. त्यानंतर नाळेच्या कणास जिभेचे टोक निसटते लावावे. दोहोंतील अंतर सांगण्यासाठी आमची गरज पडणार नाही.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरे नव्हे. तिखट द्रव्य नाळेत तयार होते. तिच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म पुटकुळ्या असतात व त्यांत ते साठते. बी नाळेस चिकटून असल्यामुळे पुटकुळी फुटली म्हणजे ते द्रव्य बीला माखते, आणि दोष बीच्या माथी येतो. शेजारच्या संगतीने बदनाम झालेल्या माणसासारखी त्या बिचारीची स्थिती आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली की मिरची चिरण्याचे निम्मे शास्त्र हाती आले असे समजावे; कारण सुरी नाळेतून कितीदा जाते, यावरच भाजी किती तिखट होणार हे बहुतांशी ठरते.

या द्रव्यास कॅप्सेसिन म्हणतात. जॉन थ्रेश नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने १८७६ मध्ये त्यास हे नाव दिले. त्याचा स्वभाव तेलकट आहे. ते तेलात, तुपात व मद्यार्कात विरघळते; थंड पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल. खिंडसीच्या काठी आमच्या विद्यार्थ्याने हात धुतले तेव्हा हातावरची माती गेली, मिरचीचा हिरवा रस गेला, कॅप्सेसिन मात्र कातडीवरच राहिले. तेल चोळल्यावर ते तेलात उतरते, आणि साबण ते तेल आपल्यासह घेऊन जातो. मावशींच्या सूत्रातील 'पयले' आणि 'मंग' हा क्रम किती काटेकोर होता, हे आम्हांस तेव्हा कळले.

हेच जिभेलाही लागू आहे. तोंड पोळले की मुले पाण्याच्या पेल्याकडे धावतात. पाणी तोंडात आहे तोवर गार वाटते, गिळले की आग जागच्या जागी. दूध किंवा दही घ्यावे. त्यांतील केसीन नावाचे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलून नेते. साखरेचा वा गुळाचा खडा, तुपाचे बोट, भाताचा घास, हेही उपयोगी पडतात. डोळ्यात मात्र दूध, तूप, तेल यांपैकी काहीही घालू नये. डोळ्यास स्वच्छ पाण्याची धार, आणि ती दहा-पंधरा मिनिटे, हाच उपाय. त्यानेही लाली व वेदना राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आता कोणी विचारील की, मिरचीत विस्तव नाही, मग आग कशी होते? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास १९९७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक सूक्ष्म दरवाजा असतो, आणि तो सुमारे ४३ अंश सेल्सिअस उष्णतेस उघडतो. तो उघडला की मेंदूस वर्दी जाते की कातडी भाजत आहे. कॅप्सेसिन नेमके त्याच दरवाजास लागते व उष्णता नसताना तो उघडते. म्हणजे मिरची मेंदूस खोटी वर्दी देते. भाजत काही नसते, पण भाजल्याची जाणीव मात्र अस्सल असते. घाम येतो, नाक वाहते, तोंड लाल होते. शरीर स्वतःस थंड करू पाहते. ज्युलियस यांस २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूशियन यांच्यासह मिळाले. मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन सोसून पुन्हा रात्री झणझणीत सावजी रस्सा ओरपणाऱ्या आमच्या शहरवासीयांच्या मेंदूस दिवसाकाठी किती खऱ्या व किती खोट्या वर्द्या जात असतील, याचा हिशेब कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

पोपट मिरची खुशाल खातो, हे तर बालवर्गातील मुलासही ठाऊक असते. त्याचे कारणही याच दरवाजात आहे. पक्ष्यांच्या अंगी असलेला हा दरवाजा उष्णतेस उघडतो, कॅप्सेसिनला उघडत नाही. सस्तन प्राणी बी चावून टाकतात व ते फुकट जाते. पक्षी बी अखंड गिळतात व दूर नेऊन टाकतात. रानमिरचीस प्राण्यांना दूर ठेवून पक्ष्यांना जवळ करणे सोयीचे असते. मनुष्य हा सस्तन प्राणी मात्र असा निघाला की, ज्याला ही ताकीद आवडू लागली.

आणि आवडू लागली तीही फार जुनी गोष्ट नव्हे. मिरचीवाचून महाराष्ट्राच्या जेवणाची कल्पनाही करवत नाही. परंतु तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या काळी या देशात मिरचीचे एकही झाड नव्हते. पवित्र शास्त्रात मोहरीचा दाणा आहे, जिरे आहे, पुदिना आहे, धण्याचाही उल्लेख आहे. मिरची नाही, कारण त्या जगास ती माहीतच नव्हती. तिचे माहेर अमेरिका खंडात. १४९२ मध्ये कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला व भलत्याच किनाऱ्यास लागला. तेथे त्यास ही तिखट फळे मिळाली. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. आपल्या लोकांनी तिला मिऱ्यांवरून मिरची हे नाव दिले आणि ती इतकी घरची झाली की परकेपणाची खूणही उरली नाही. बटाटा व टोमॅटो हे तिचे भाऊबंद. तेही तिकडूनच आले. वांगे त्याच कुळातील असले तरी ते येथलेच.

असो. आता सुरी हाती घेऊ.

प्रथम निवड. लहान व बारीक मिरची सहसा अधिक तिखट, मोठी व जाड भिंतीची सौम्य, हा बाजारातील ठोकताळा पुष्कळदा खरा ठरतो, पण त्यावर विसंबून राहू नये. एकाच झाडाच्या दोन मिरच्यांतही फरक असतो, आणि पाण्याचा ताण पडलेल्या झाडाची मिरची अधिक जहाल असते. यासाठी नवीन आणलेल्या मिरच्यांतील एकीची वर सांगितलेली परीक्षा करून मग किती घालावयाच्या ते ठरवावे. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोविल यानेही १९१२ मध्ये मिरचीचा तिखटपणा मोजावयास जीभच वापरली होती. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करावयाचा की परीक्षकांस तिखट लागेनासे व्हावे, आणि त्यास किती पट पाणी लागले ते मोजावयाचे. त्याच्या नावाचे माप आजही चालते. मोजणी मात्र आता यंत्राने होते.

मिरच्या देठासकट धुवाव्या. देठ आधी खुडल्यास भोकातून पाणी आत शिरते, ती आतून सडते, आणि तेलात टाकताच तडतडते. धुतल्यावर फडक्याने कोरड्या पुसाव्या. साठवावयाच्या असल्यास या वेळी देठ खुडून, डब्यात कागद वा कोरडे फडके घालून ठेवाव्या. कुजण्यास सुरुवात देठापासूनच होते.

त्यानंतर हात. चिरावयास बसण्यापूर्वीच बोटांस तेलाचे दोन थेंब चोळून घ्यावे. मिरच्या पुष्कळ असल्यास रबरी हातमोजे घालावे. त्यात लाज मानण्याचे कारण नाही. नखे वाढलेली असू नयेत, कारण नखाखाली जे शिरते ते साबणानेही लवकर निघत नाही. घरात तान्हे मूल असेल तर हे काम त्या मुलाच्या आईकडे देऊ नये. ही आमची सूचना घरातील पुरुषांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. मिरची चिरणे हे बायकांचेच काम, असा नियम आम्ही कोणत्याही शास्त्रात पाहिला नाही. विद्यार्थ्यांनी ते अवश्य शिकावे.

चिरताना मिरचीची आतली बाजू वर व सालीची बाजू पाटावर ठेवावी. साल गुळगुळीत असते. तिच्यावरून बोथट सुरी घसरते व बोटावर येते. म्हणून प्रथम देठाकडील टोपी कापावी, मग उभी चीर देऊन मिरची पुस्तकासारखी उघडावी, आणि मग पात्यास धार असलेल्या सुरीने आतून चिरावी. सौम्य हवी असल्यास उघडल्यावर चमच्याच्या कडेने नाळ व शिरा देठाकडून टोकाकडे खरवडून काढाव्या. बी आपोआप त्यांच्याबरोबर येते. मिरची अगदी लहान असेल व उघडणे जिकिरीचे वाटेल, तर ती दोन तळव्यांत हलकेच वळावी, टोपी कापावी, आणि उलटी धरून पाटावर ठोकावी. पुष्कळ बी गळून पडते. नाळ मात्र आतच राहते, हे विसरू नये. जे केवळ बी झटकून मिरची सौम्य झाली असे समजतात, त्यांची जेवताना फसगत होते.

विळीवर चिरणाऱ्यांचे कसब निराळे. तिथे मिरची दोन्ही हातांनी धरून पात्यावर ढकलावी लागते, त्यामुळे बोटांस रस अधिक लागतो. आमच्या आईच्या पिढीने जन्मभर विळीवरच काम केले, आणि त्यांचे हात त्या रसास सरावले होते. मुलांनी आपला हात तसा सरावलेला समजू नये.

किती बारीक चिरावी हा प्रश्न पदार्थावर अवलंबून आहे. फोडणीत टाकावयाची मिरची नुसती चीर देऊन सबंध टाकली तर तेलास वास लागतो व तिखटपणा बेताचा उतरतो. खाणाऱ्यास ती बाजूसही काढता येते. जाड तुकडे केले तर तिखट मधूनमधून लागते. पोह्यांत किंवा सांबारवडीच्या सारणात बारीक चिरली तर ती सर्वत्र पसरते. (परगावच्या वाचकांसाठी सांगतो की, कोथिंबिरीस आमच्याकडे सांबार म्हणतात.) आणि ठेचली तर पुटकुळी न् पुटकुळी फुटते. म्हणूनच तितक्याच मिरच्यांची भाजी आपण सहज खातो, पण ठेचा बोटाएवढाच घेतो. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर थोड्या तेलात, डाग पडेपर्यंत, लसणीच्या पाकळ्यांसह परताव्या, मीठ व भाजलेले शेंगदाणे घालावे, आणि खलबत्त्यात किंवा त्याच तव्यावर वाटीच्या बुडाने ठेचावे. मिक्सरात केलेला ठेचा आम्ही खाल्ला आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

सबंध मिरची तापल्या तेलात कधीही टाकू नये. आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडावयास वाट नसते, आणि मिरची फटाक्याप्रमाणे फुटून उकळते तेल तोंडावर उडते. एक चीर किंवा सुरीच्या टोकाचे एक भोक एवढ्याने हा धोका टळतो. फोडणी करताना खिडकी उघडी असावी. तापल्या तेलाबरोबर कॅप्सेसिनचे कण हवेत उडतात व सबंध घरास ठसका लागतो. ज्या घरात दम्याचा रोगी आहे त्या घरात फोडणी मंद आचेवर व झाकण ठेवून करावी.

तेलाशी असलेल्या या मैत्रीचा आणखी एक उपयोग आहे. आपल्याकडील पोह्यांवर जी तांबडी तर्री ओततात, ती म्हणजे मिरचीचा रंग व तिखटपणा दोन्ही उचलून वर तरंगणारे तेल. रस्सा फार तिखट झाला तर गृहिणी त्यात पाणी ओततात. त्याने चव पातळ होते आणि तिखट वर तरंगतच राहते. आधी वरची तर्री पळीने काढून घ्यावी. मग खोबऱ्याचे किंवा शेंगदाण्याचे वाटण, नाही तर दही घालावे. काढलेली तर्री टाकून द्यावयाचीही गरज नाही. घरात तिचा चाहता कोणी ना कोणी असतोच.

पालकांपैकी काही जण मिरचीस निव्वळ व्यसन समजतात, त्यांच्यासाठी एक हकीकत. हंगेरीतील सेगेद या गावी आल्बर्ट सेंट-ग्योर्ग्यी नावाचे शास्त्रज्ञ 'क' जीवनसत्त्वाच्या शोधात होते, आणि ते पुरेशा प्रमाणात कोठून मिळवावे हे त्यांस उमगत नव्हते. एके दिवशी रात्रीच्या जेवणात पत्नीने त्यांच्यापुढे पाप्रिका म्हणजे तिकडची सौम्य मिरची ठेवली. त्यांस ती खावयाची नव्हती, आणि तसे सांगण्याचे धैर्यही नव्हते. तेव्हा ती प्रयोगशाळेत तपासून पाहतो असे सांगून ते ताटावरून उठले. मध्यरात्रीपर्यंत त्यांस कळून चुकले की ते जीवनसत्त्व त्यात ठासून भरले आहे. १९३७ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. आपल्या हिरव्या मिरचीतही 'क' जीवनसत्त्व विपुल असते, मात्र उष्णतेने ते पुष्कळ नष्ट होते. म्हणून थोडी मिरची कोशिंबिरीत कच्ची घालावी. पानातील भाजी खावयाची नसली म्हणजे प्रयोगशाळेत जाण्याची सबब मात्र आमच्या विद्यार्थ्यांनी सांगू नये.

आतापर्यंत हिरव्या मिरचीविषयी लिहिले. लाल सुक्या मिरचीची तयारी सोपी, पण त्रास अधिक. ती सुरीने चिरण्यापेक्षा कात्रीने कापावी, बी झटकावे, मंद आचेवर फुगेपर्यंत भाजावी, काळी होऊ देऊ नये, नाही तर कडू होते. वाटण करावयाचे असल्यास कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवावी. कुटताना किंवा दळताना नाकातोंडास फडके बांधावे, आणि मिक्सरचे झाकण लगेच उघडू नये. खकाणा खाली बसू द्यावा.

लाल मिरची म्हटले की नागपूरकरास भिवापूर आठवते. उमरेडच्या पुढे, आपल्याच जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. तेथील मिरचीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या भूमीत पिकलेल्या मिरचीवाचून दुसरीस ते नाव लावता येत नाही. हंगामात तिकडे मिरचीचे सातरे लागतात. मोकळ्या जागेत वाळलेल्या मिरचीचे तांबडेलाल ढीग पडलेले असतात, आणि त्यांभोवती बाया दिवसभर बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात. आपल्या घरी येणारे तिखट देठाविना असते, ते या हातांमुळे. आमच्या वसतिगृहातील एका मुलाची आई या कामास जाते. वर्गात आम्ही कॅप्सेसिनचा पाठ शिकवीत असताना तो उभा राहून म्हणाला, "सर, हंगाम असला की आई आमच्या तोंडावरून हात फिरवीत नाही. सुट्टीत घरी गेलो तरी मनगटाच्या वरच्या बाजूनं गाल पुसते." वर्ग स्तब्ध झाला. आम्ही त्यास तेल आणि साबणाचा क्रम सांगितला. तो म्हणाला, "तेल ती लावते सर. पण रोज रोज लावून भागत नाही." त्यावर आम्हांस काही उत्तर देता आले नाही. पुढे तो सुट्टीस निघाला तेव्हा आम्ही त्याच्याजवळ रबरी हातमोज्यांचे चार जोड दिले. हातमोज्यांनी देठ खुडण्याचा वेग कमी होतो, आणि मजुरी वजनावर असते, म्हणून आईने ते पहिल्या दिवशी काढून ठेवले, असे त्याने परत आल्यावर प्रांजळपणे सांगितले. उजव्या हाताच्या फक्त दोन बोटांपुरते कापून घेतलेले हातमोजे मात्र ती वापरते. ही युक्ती तिची स्वतःची.

शेवटी, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी घरी करून पाहावा असा एक प्रकार सांगतो. भरून वाळविलेली मिरची, म्हणजेच सांडगी मिरची. हिच्यात चिरण्याचे सर्व कसब लागते. जाड भिंतीच्या, बेताच्या तिखट, बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या १ किलो घ्याव्या. धुऊन, पुसून, रात्रभर फडक्यावर पसराव्या. देठ ठेवावा. टोकापासून व देठापासून बोटाच्या पेराचा अर्धा भाग सोडून मध्ये एकच उभी चीर द्यावी. ती पलीकडच्या भिंतीपर्यंत जाता कामा नये, नाही तर मिरचीचे दोन तुकडे होतात व सारण गळते. चमच्याच्या दांड्याने आतली नाळ सैल करून काढावी. धणे पाव किलो, जिरे ५० ग्रॅम आणि मेथीदाणे दोन चमचे वेगवेगळे भाजून जाडसर कुटावे. त्यात हळद, हिंग व चवीस किंचित चढेल इतके मीठ घालून चार-पाच लिंबांच्या रसात कालवावे. हे सारण मिरचीत दाबून भरावे. मग परातीत एकेरी मांडून गच्चीवर ठेवावे. वैशाखातल्या नागपुरी उन्हास चार-पाच दिवस पुरतात. रोज संध्याकाळी परात आत आणावी व सकाळी मिरच्या उलटवाव्या. हाताने मोडता कडकन आवाज झाला की वाळल्या असे समजावे व कोरड्या बरणीत भराव्या. तळताना तेल फार तापवू नये; रंग तपकिरी होऊ लागताच काढाव्या. दहीभाताबरोबर त्या उत्तम लागतात.

परातीवर मात्र पातळ फडके बांधण्यास विसरू नये. आमच्या गच्चीवर पहिल्या वर्षी आम्ही ते बांधले नाही, आणि समोरच्या कडुनिंबावरील पोपटांनी अर्धी परात रिकामी केली.